जॅझच्या कॅसेटवर उखाणा

मला संगीतातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत पेटीवाल्या बाई रजेवर असल्या की प्रार्थना माझ्या गळ्यात पडायची आणि मी सुरू केली की मुलं मला सोडून आपापल्या सुरात म्हणायची. तरीही जॅझ नावाच्या प्रकाराची एक अख्खी कॅसेट सुरतेत निघाली आणि तिच्यावरचा पहिला आवाज माझा आहे. त्यात माझी हौस काडीचीही नव्हती.

मी उधन्याच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवायचे. राहायला आम्ही नवागामला होतो. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि एक गिटार. आमचे हे बमरोलीला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात जॉबर होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात, आणि जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो पुन्हा चालू करून देणारा माणूस. खात्यात शिरलं की बाहेरचं जग बंद. माणसं बोटांनी आणि ओठांनी बोलतात, चहा सांगायची खूण वेगळी, शेठ आला ही खूण वेगळी. त्या खडखडाटात एखादा लूम थांबला तर जॉबरला तो लांबून कळला पाहिजे. म्हणजे ह्यांचं काम आवाज ऐकायचं नव्हतंच, कुठला आवाज कमी झाला ते ऐकायचं होतं. कमी झाला की धावायचं.

हे काम ह्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की घरात पंखा बंद पडला तर झोपेतून उठून बसायचे.

गिटार ह्यांना भुसावळात चिकटली. सासरे मूळचे अमळनेरकडचे, पण रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, त्यामुळे ह्यांचं लहानपण भुसावळच्या रेल्वे लाइनीत गेलं. क्वार्टरच्या मागं एक ख्रिश्चन इंजिन ड्रायव्हर राहायचा. तो ड्यूटीवरून आला की आंघोळीच्याही आधी गिटार घेऊन ओट्यावर बसायचा, आणि हे दप्तर टाकून त्याच्यासमोर. रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात नाताळात तो जॅझच्या ज्या चाली वाजवायचा त्या ह्यांनी बघून बघून उचलल्या. त्याची बदली झाली तेव्हा जुनी गिटार तो ह्यांना देऊन गेला. लग्नानंतर मी पहिल्यांदा घरात पाऊल टाकलं तर कोपऱ्यात ती उभी. मला वाटलं, मांडवातल्या ऑर्केस्ट्रावाल्याची चुकून आमच्या सामानात आली. मी ती परत पाठवायला सांगितली होती.

आता मधेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी ह्यांचं नाव घेत नाही. शाळेच्या कागदांवर लिहिते, पतीचे नाव म्हणून छान वळणदार लिहिते, पण तोंडाने नाही. माझ्या आईनं कधी घेतलं नाही, सासूबाईंनी घेतलं नाही, आमच्या गल्लीत कुणीच घेत नव्हतं. शिकलेली बाई असून असं कसं, म्हणून हेडमास्तरांनी एकदा मला विचारलं होतं. त्यांच्या बायकोला विचारा, म्हटलं. 

नाव घ्यायचं ते उखाण्यात. तो मी लग्नात घेतला होता. पण आमचं लग्न सामुदायिक, एकाच मांडवात ओळीनं जोडपी आणि डोक्याशी बँड. मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. हे पुढं अधूनमधून म्हणायचे, "माझंच नाव घेतलंस की शेजारच्या नवरदेवाचं, काय भरवसा? मी तर ऐकलं नाही." गमतीनं म्हणायचे. पण पुन्हा पुन्हा म्हणायचे.

तर ह्यांचे कान जायला लागले. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग दाराची कडी. मग मी पाठमोरी बोलले की उत्तर येईना, आणि मला वाटलं संसार जुना झाला, नवरे असेच होतात. माझ्या मैत्रिणीही तसंच म्हणाल्या. शेवटी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ह्यांना हेडफोन लावून एक बटण हातात दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. हे बटण हातात धरून शांत बसून राहिले, परीक्षेला बसल्यासारखे. डॉक्टर चष्म्याची काच पुसत मला म्हणाले, "खातं सोडायला सांगा. गेलं ते येणार नाही, पण सोडलं तर उरलेलं राहील. नाही सोडलं तर तेही जाईल." हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घरी येऊन सांगितलं.

खातं सोडायचं आणि करायचं काय, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर नानपुऱ्यातून आलं.

नानपुऱ्यात एक म्हातारे पारशी काका राहायचे, बहिणीबरोबर, जुन्या लाकडी घरात. त्यांच्याकडे पियानो होता. कधी काळी त्याचा पायानं दाबायचा दांडा मोडला आणि सुरतेत पियानो दुरुस्त करणारा कुणी मिळेना. काकांची आमच्या शेठशी ओळख. शेठनं विचार केला, पियानो काय आणि लूम काय, दोन्ही लाकूड आणि लोखंड, आणि जॉबरला पाठवून दिलं. ह्यांनी लूमला लावायच्या चामड्याचा तुकडा घालून दांडा बसवला. बरोबर बसला का बघा, म्हणून काकांना वाजवायला सांगितलं. काका जे वाजवायला लागले त्या ह्यांच्या भुसावळच्याच चाली निघाल्या. पुढच्या सुट्टीला हे गिटार घेऊन नानपुऱ्यात हजर. तेव्हापासून बमरोलीत ज्या दिवशी पॉवरची सुट्टी, म्हणजे वीज नाही म्हणून खातं बंद, असेल त्या दिवशी आमचे हे घरात नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. सासूबाईंना काही दिवस वेगळाच संशय होता. काकांची बहीण सत्तरीची आहे हे कळल्यावर तो फिटला.

तिसरे आमचे शेजारी. रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारे, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवायचे, आणि ढोलकीला त्यांच्यासारखा हात आमच्या भागात दुसरा नव्हता. त्यांना मी भाऊ म्हणायचे. ह्यांनी त्यांनाही नानपुऱ्याला नेलं. काकांनी त्यांच्यापुढं एक ड्रम ठेवला आणि सांगितलं, हा मारायचा नाही, कुरवाळायचा. त्यासाठी तारांचा ब्रश लागतो म्हणे. तो कुठून आणणार? भाऊंनी माझा कोरा झाडू नेला आणि त्याचे दोन लहान झाडू करून त्यांनी ड्रम झाडायला सुरुवात केली. सासूबाई संतापून अहिराणीवर आल्या. "झाडूघाई कोनी ढोल वाजाडस का? लक्ष्मी शे ती!" भाऊ म्हणाले, "मावशी, म्हणूनच मारत नाही, कुरवाळतोय."

प्लेग येऊन गेल्यावर शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं आणि नवी नवी हॉटेलं निघत होती. त्यातल्या डुमस रोडवरच्या एका हॉटेलचा मॅनेजर काकांच्या ओळखीचा. त्याला जेवणाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पियानो-गिटार हवं होतं, हलकं हलकं, लोकांचा घास अडकणार नाही असं. पगारी नोकरी. एक नमुन्याची कॅसेट द्या, म्हणाला, मालकांना ऐकवतो. आणि स्टुडिओतली नको, माणसं बसलीयत, निवांत आहेत, चहा पितायत, असं ऐकू आलं पाहिजे. हे घरी आले ते चप्पल न काढता आत. खातं सोडता येईल, असं म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यांच्या आवाजानं वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले.

मी मनात हिशेब केला. नोकरी मिळाली तर कान वाचतील. नाही मिळाली तर खातं आहेच. मग मी ठरवलं, ही कॅसेट नीट झाली पाहिजे, मला त्यातलं कळो न कळो.

निवांत माणसं पुरवायचं काम माझ्याकडे आलं. मी गल्लीतल्या बायका, दोन-चार पुरुषमाणसं, सासू-सासरे यांना गोळा केलं आणि एका दुपारी टेम्पोत घालून नानपुऱ्याला नेलं. निवांत दिसायचंय असं सांगितलं होतं, पण कॅसेटमध्ये दिसत नाही हे कुणाला पटेना. सगळ्या लग्नातल्या साड्या नेसून आल्या. सासरे पांढरीशुभ्र टोपी घालून. काकांच्या हॉलमध्ये वेताच्या खुर्च्यांवर त्यांना बसवलं आणि मी म्हटलं, आता सगळे सैल बसा, हळू हळू आपसांत बोला. त्याबरोबर सगळे ताठ झाले, हात मांडीवर, तोंड बंद. पहिलीच्या वर्गात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की मुलं बसतात तसे. माझ्या सबंध नोकरीत माझ्या सांगण्यावरून इतकी शांतता कधी झाली नव्हती.

काकांच्या बहिणीनं पुदिन्याचा चहा आणला. कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून बायकांनी तो पदरात धरून प्यायला. मी खुणेनं सांगितलं, होऊ द्या आवाज, आवाजच पाहिजे. मग एकदम सगळ्यांनी कप वाजवले.

रेकॉर्डिंगला उधन्याचा कॅसेटवाला आणला होता. त्याचं दुकान होतं, लग्नांची, जागरणांची, भाषणांची रेकॉर्डिंगं करायचा. त्याने मशीनपुढं उदबत्ती लावली, नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि मग हात झटकून म्हणाला, "हां, नावं कोण सांगतंय?"

कसली नावं, असं काकांनी विचारलं.

"कॅसेटच्या सुरुवातीला कलाकारांची नावं लागतात. आमच्या कुठल्याही कॅसेटला असतात. नावाशिवाय मालकाला कसं कळणार कोण वाजवतंय? उद्या दुसराच कोणी जाऊन सांगेल, मीच तो."

यात तथ्य होतं. काकांचा आवाज मशीनमध्ये थरथरायचा. भाऊ लाजाळू. ह्यांचा आवाज असा, की कॅसेटवाल्याने नुसती चाचणी घेतली आणि मशीनचा काटा पलीकडे जाऊन अडकला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. टीचर आहे, काका म्हणाले. झालं.

मला माइक दिला. मी हिंदीत बोलायचं ठरलं, हॉटेलच्या मालकांना कळावं म्हणून. मी ठणठणीत सुरुवात केली. आज की इस महफिल में आप सब का स्वागत है. पियानो पर, आणि काकांचं पूर्ण नाव. ड्रम पर, आणि भाऊंचं पूर्ण नाव, आडनावासकट. और गिटार पर.

और गिटार पर म्हटलं आणि मी थांबले.

समोर सासरे बसलेले, पांढरी टोपी. शेजारी सासूबाई. मशीन फिरतंय. हे गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडे बघतायत, माझ्या तोंडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एखाद्याला बक्षीस मिळणार आहे आणि ते पुकारणाऱ्याला त्याचं नाव आठवत नाहीये, तसं काहीसं. मला नाव आठवत होतं. ओठांवर आलं होतं. बाहेर येत नव्हतं.

कॅसेटवाला बोटाने पुढे, पुढे असं करत होता. आणि सैल बसलेल्या, निवांत असलेल्या माझ्या बायका, ज्यांनी इतका वेळ श्वासही जपून घेतला होता, त्यांनी एकदम तोंड उघडलं.

"नाव घ्या, नाव घ्या!"

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या नावाशी अडकली की ही हाक उठतेच. हळदीकुंकू असो, बारसं असो, रेशनची रांग असो. जॅझमध्ये उठायचं काही कारण नव्हतं, पण तेवढा विचार कोण करतो? सासूबाईही त्यांत. "नाव ले ना व माय, कसाले लाजस?" ज्यांच्यामुळे मी लाजत होते त्याच म्हणायला लागल्या. सासरे टोपी सारखी करत खिडकीबाहेर बघू लागले. म्हणजे परवानगी होती.

उखाणा मला येत होता तो लग्नातला, आणि तो तेव्हा आठवेना. मग जे सुचलं ते म्हटलं.

"बमरोलीच्या खात्यात लूमची खडखड,
अमुकरावांच्या गिटारपुढे थांबते माझी बडबड."

अमुक मी इथं लिहिलंय. कॅसेटवर नाव आहे, स्वच्छ, एकेक अक्षर. बायकांनी टाळ्या कुटल्या, कुणीतरी शिट्टी मारली, काकांच्या बहिणीला काही कळलं नव्हतं तरी तिनेही टाळ्या वाजवल्या. ह्यांचे कान लाल झाले. बायका खदाखदा हसत सैल झाल्या, पदर सरकले, पाय वर घेऊन बसल्या, आणि काकांनी तेवढ्यात, कुणाला न सांगता, वाजवायला सुरुवात केली. मॅनेजरला हवी होती तशी माणसं आता बसली होती.

काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. संथ होतं. काका दोन-चार सूर वाजवायचे आणि मग हात उचलून बसून राहायचे, जणू कुणाची वाट बघतायत. भाऊ माझा झाडू फिरवत होते, सकाळी अंगण झाडताना येतो तसा आवाज. आणि हे मधून मधून, सांभाळून, दोन बोटं. फक्त एकदा घोळ झाला. काकांनी हात उचलले, पियानो थांबला, आणि हे गिटारसकट ताडकन उभे राहिले. लूम बंद पडला होता ना. काका मान न वळवता हसले आणि गुजरातीत म्हणाले, "दीकरा, आ लूम नथी. बंध थाय तो दोडवानुं नहीं." थांबलं तरी धावायचं नाही. हे बसले. ते वाक्यही कॅसेटवर आहे.

माझ्या एक लक्षात आलं. हे काकांच्या हातांकडे बघून वाजवत होते आणि भाऊंच्या झाडूकडे बघून ठेका धरत होते. मान सारखी इकडून तिकडे. लोकांना वाटलं, रंगात आलेत. मला माहीत होतं, ते बघतायत. 

सासूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "हाई काय वाजाडी ऱ्हायनात? माले ते झोप ई ऱ्हायनी." आणि खरंच झोपल्या. त्यांचं घोरणं दुसऱ्या बाजूवर सुरुवातीपासून आहे. कॅसेटवाला म्हणाला, हे पुसून परत करू. काका म्हणाले, राहू दे, ठेक्यात आहे.

कॅसेटच्या दोन प्रती निघाल्या. एक हॉटेलात गेली आणि एक आमच्याकडे. हे संध्याकाळी खात्यातून आले की टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायचे. सगळी ऐकायचे नाहीत. सुरुवात ऐकायचे, मागं घ्यायचे, पुन्हा सुरुवात. बमरोलीच्या खात्यात. खर्रर्र. बमरोलीच्या खात्यात. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, पुरे झालं, पट्टी घासेल. ते त्यांना ऐकू जायचं नाही, त्यामुळे मला ओरडायला काही वाटायचं नाही. आता भरवसा बसला का, असं एकदा समोर उभं राहून विचारलं, तर म्हणाले, "हो. माझंच घेतलंस." मी आत जाऊन भाजीला पुन्हा फोडणी घातली. भाजी बिघडली. 

हॉटेलकडून निरोप येईना. काका फोन करायचे, तर मालक बाहेरगावी, मालकांनी ऐकली, मालकांना आवडली, बघू, कळवू. तोपर्यंत खातं चालूच. उन्हाळा गेला, गणपती गेले. मी एकदा डॉक्टरांचं नाव काढून भांडले, सोडाच म्हटलं, माझ्या पगारात भागवू. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाले, हॉटेलचं कळू दे. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यावर मी म्हटलं, आपणच जाऊ. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, आम्ही रिक्षाने डुमस रोडला गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गिटार बरोबर घेतली, काय सांगावं, लगेच वाजवा म्हणाले तर.

आत पाय बुडतील असा गालिचा, थंडगार हवा. मॅनेजरला बोलावतो, म्हणून आम्हाला सोफ्यावर बसवलं. पलीकडे काचेआड जेवणाचा हॉल, माणसं जेवत होती. आणि छतातून कुठून तरी, हळू, अगदी हळू, माझा आवाज आला. आज की इस महफिल में आप सब का स्वागत है.

मी दचकून वर बघितलं. छतात गोल जाळ्या बसवलेल्या. काकांचं नाव आलं, भाऊंचं नाव आलं, और गिटार पर, मग ती शांतता, मग बायका, मग उखाणा. ह्यांचं नाव त्या हॉलवरून गेलं. कुणी घास थांबवला नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं, आता हसतील म्हणून.

हे सोफ्यावर टेकून, गिटार गुडघ्यांत धरून, समाधानानं चौफेर बघत होते. मला म्हणाले, "किती शांत आहे गं इथं. इथं वाजवायला मजा येईल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मॅनेजर यायला बराच वेळ लागला. कॅसेटची ती बाजू सबंध वाजून संपली, छतातलं संगीत थांबलं, नुसत्या ताटल्या-चमच्यांचा आवाज राहिला. तेवढ्यात तो आला. माणूस वाईट नव्हता. ह्यांच्या समोर बसला, म्हणून ह्यांना त्याचं सगळं कळलं. कॅसेट फार सुंदर आहे, म्हणाला, मालकांना इतकी आवडली की रोज संध्याकाळी लावतो. गिऱ्हाइकं विचारतात कुठली. सुरुवातीला ते तुम्ही काहीतरी बोलता तेही लोकांना आवडतं. आता कॅसेट असताना माणसं ठेवायची म्हणजे मालक म्हणतात, कशाला? मग जरा ओशाळून, आमचं मन राखायला, बोट वर करून म्हणाला, "सुनिए ना, अभी भी आपकी ही चल रही है."

हे थोडे पुढे झुकले. मान तिरकी करून वर बघितलं, डोळे मिटले. छतातून काहीच येत नव्हतं. ह्यांनी दोन-तीनदा मान डोलावली आणि म्हणाले, "हां. गिटार बढ़िया आ रहा है."

मॅनेजरनं जाळीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हां," मी म्हटलं, "बढ़िया आ रहा है."

बाहेर आलो. रिक्षा मिळाली. गिटार मध्ये ठेवून आम्ही दोन बाजूंना बसलो. रिक्षाचा असा आवाज की मलाही काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे थोडा वेळ आम्ही दोघं सारखेच होतो. अठवा लाइन्सच्या पुढं आल्यावर ह्यांनी माझ्या हाताला हात लावला. मी वळले.

"कुठली बाजू लावली होती?" त्यांनी विचारलं.

म्हणजे आपल्याला ऐकू आलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे हेही माहीत होतं.

"पहिली," मी म्हटलं. "सुरुवातीपासून."

"नाव आलं?"

"आलं. सगळ्या हॉलमध्ये आलं."

ह्यांनी मधली गिटार आपल्या बाजूला ओढून घेतली. मग पुन्हा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "म्हण ना एकदा."

रिक्षावाला होता. सिग्नलला गाड्या होत्या. मी तोंड त्यांच्यासमोर नेलं आणि उखाणा म्हटला. सावकाश, ओठ पुरते उघडून, पहिलीच्या मुलांना अक्षर शिकवताना दाखवतो तसं. बमरोलीच्या खात्यात लूमची खडखड. नावाशी आले तेव्हा आणखी सावकाश. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते.